अकराची भेट

लातूरच्या त्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर तोंडी काही ऐकतच नाही. "मेसेज टाका," म्हणतो. आलेला मेसेज कॉपी करून एका ॲपमध्ये टाकतो. ॲप त्यातून नाव, नंबर, तारीख, वेळ आपोआप वेचून कॅलेंडरात बसवतं. मग हा मान डोलावतो, "हाव, बसलं."

भाडं कमी व्हावं म्हणून मी रोज जाऊन घासाघीस करत राहिलो, आणि त्यानं माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख दुसऱ्या पार्टीला देऊन टाकली. मी भडकून मेसेज टाकला, "उद्या अकराला येतो, तुझं ऑफिस फोडतो!"

गेलो. टेबलावरची काच काढून भिंतीला टेकवलेली. माझ्यासाठी खुर्ची, पाणी. एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्क्रीन माझ्यापुढं धरली: 'अकरा वाजता, ऑफिस फोडणे.' खाली माझं नाव.

आयुष्यभर बाजारात ओरडून भाव पाडले. तिथं मात्र दिलेल्या खुर्चीत जाऊन बसलो.

"वेळेवर आलात, शेठ. काच नवी हाय, म्हणून काढून ठेवली," तो म्हणाला. "साडेअकराला ती पार्टी येऊन राहिली. फोडायच्या आधी तारीख मागून बघा."

पार्टी आली, मी मागितली, त्यांनी तारीख सोडली. माझा राग मात्र गेला नाही. फोडायला आलेल्या माणसाला असं पाणी देतात का?