तीनशे अकराची बाकी

पावसाळ्यात नद्या फुगल्या की भामरागडचा रस्ता संपायचा. पत्र नाही, पेपर नाही. मी बारा वर्षांची होते, आणि शाळामास्तर असलेल्या माझ्या बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. ऑपरेशन चांद्याला, तेही रस्ता उघडल्यावर. तोवर पडवीत बसून ते एकाच आकड्याचा जप करायचे: एक लाख एकतीस हजार एकाहत्तर.

एकाची सतरा वेळा दुप्पट करायची आणि एक काढून टाकायचा, की हा आकडा येतो. तो मूळ संख्या आहे की कशाने तरी भागला जातो, हे त्यांना स्वतः पडताळायचं होतं. जगात कुणीतरी ते केव्हाच पाहिलं असणार, पण हट्ट तो हट्ट. "डोळे होते तवा वेळ नव्हता, आता वेळ हाय, त डोळे नाई," म्हणत हसायचे.

मग पाटी माझ्या गळ्यात. तीनशे एकोणसाठपर्यंतच्या बहात्तर मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्याहून मोठा भाजक असताच, तर त्याचा गुणाकारातला जोडीदार त्याच्या आतच सापडला असता. बाहेर पाऊस, आत मी भागतेय, बाबा डोळे मिटून ऐकताहेत. वार विसरायला व्हायचा. आज एकशे सदतीस, एवढंच आठवायचं.

"सांग माय, किती उरले?"

सतराने भागून एकच उरला, तेव्हा ते टाळी देऊन म्हणाले, "थोडक्यात वाचला गडी!" बाकी भाजकाहून मोठी सांगितली की मात्र लगेच हटकायचे, "चुकली तू. पुन्हा कर."

दोनशे त्र्याऐंशी झाला आणि उघडीप पडली. अकरा राहिले होते. शेजारची मैत्रीण कुंपणापलीकडून ओरडली, "चाल ना वं, सात्या निघाल्या!" वारुळावरच्या त्या अळिंब्या एका दिवसात संपतात. मी सरळ थापा मारायला लागले. दोनशे त्र्याण्णव? साठ उरले. तीनशे सात? बारा. तीनशे अकरा?

"तीनशे चाळीस," मी म्हटलं. एक पाय पायरीवर होता.

बाबांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. "बरं. पुढं?"

अकरावी थाप ऐकून म्हणाले, "मंग नाईच भागत. जा माय, सात्या आण."

रस्ता उघडायच्या आत ते तापाने गेले. आंधळ्या बापाला फसवलं, ही लाज मी वर्षानुवर्षं मनात ठेवली. लग्नानंतर एका दुपारी पोराची पाटी घेतली आणि ते अकरा भागाकार करायला बसले. तीनशे अकराला एकशे चाळीस उरले. तिथे हात थांबला. त्या दिवशी मी तीनशे चाळीस सांगितले होते. तीनशे अकराने भागल्यावर तीनशे चाळीस उरतीलच कसे?

पुढचे भागाकार मी रडत केले. आकडा कशानेही भागला गेला नाही. तो मूळच होता. बाबांना ते कधीच कळलं नाही. माझी थाप मात्र कळली होती. त्या संध्याकाळी त्यांनी सात्यांची भाजी दोनदा मागून खाल्ली होती.