दक्षिणेकडचं ऊन

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत हिंडलो. सुरुवात सायकलवरून केली आणि निवृत्त झालो तेव्हा मोबाइलवर मीटरचे फोटो काढत होतो. या कामात माणसाचा स्वभाव संशयी होतो. मीटरच्या खोक्यामागं चुंबक दडवणारे मी पाहिले. तारेवर आकडा टाकून वर मलाच चहा पाजणारे पाहिले. जुन्या मीटरची चकती उलटी फिरताना दिसली की या घरात लबाडी आहे, हे आम्ही दारातच ओळखायचो.

त्यामुळं कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून एक माणूस जेव्हा म्हणाला, "काका, सोलर बसवलं की तुमची जादा वीज उलटी लायनीत जाणार आणि तेवढी युनिटं बिलातनं वजा होणार," तेव्हा मी त्याच्याकडं चोराकडं बघावं तसंच बघितलं.

त्याला बोलावलं होतं बायकोनं. तिच्या बचत गटातल्या एका बाईच्या माहेरी त्यानं पॅनेलं बसवली होती. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल.

"आधी काय करत होता?" मी विचारलं.

"पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होतो."

तसली दोन यंत्रं आमच्या गल्लीत बंद पडून आहेत. मी बायकोकडं बघितलं. ती चहा टाकायला आत गेली.

त्यानं मोबाइलवर आमच्या छताचा आकाशातून काढलेला फोटो दाखवला. पाण्याची टाकी दिसत होती, दोरीवरची चादरसुद्धा दिसत होती. मी खूश होईन असं त्याला वाटलं असावं. मला मात्र न विचारता कुणीतरी आपल्या छतावर चढून गेल्यासारखं वाटलं. मग त्यानं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, विजेचं बिल दाखवता का? दुसरी, दक्षिणेला जे घर चिकटून आहे ते कुणाचं?

"बिल आत्ता सापडणार न्हाई," मी म्हटलं. बिलं माझ्या पाठीमागच्याच कपाटात महिन्यावार लावून ठेवलेली होती. पण बिल मागणाऱ्या माणसाला आपण किती खर्च करू शकतो ते कळतं, आणि मग तो तेवढीच किंमत सांगतो, असा माझा हिशेब. शेजाऱ्याचं विचारल्यावर तर खात्रीच पटली, की आमचं झालं की हा लगेच त्याच्या दारात जाणार. "हाय एक शेजारी," एवढंच सांगितलं.

त्यानं अनुदानाचं सांगितलं, सहा पॅनेलं लागतील म्हणाला आणि किती वर्षांत पैसे फिटतात त्याचा तक्ता ठेवून गेला. जाताना मी म्हटलं, "तुमी बसवलेलं एखादं घर बघायचं हाय." त्यानं कागलच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता दिला. "फोन करून जावा," म्हणाला.

मी अर्थातच फोन न करता गेलो. फोन केला की माणूस बोलणं पाठ करून बसतो.

संक्रांत नुकतीच झाली होती. एसटीनं कागलला उतरलो आणि विचारत विचारत घर गाठलं. खाली तेलाचं दुकान, वर राहायची जागा. गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सोलर बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढं सारलं.

"बसा पावणं. एक नंबर हाय बघा. डोळं झाकून बसवा."

डोळं झाकून म्हटल्यावर माझे उघडले. "जरा वर जाऊन बघू काय?"

"आता वर काय बघायचंय? काचाच की त्या. आणि जिन्याच्या दाराची किल्ली कुठं ठिवलीया कुणास ठाऊक."

आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. त्या भागातल्या रीतीप्रमाणं ती सासऱ्याला मावा म्हणत होती. "मावा, किल्ली मोळ्याला अडकवलीया की!"

खिळ्याला अडकवलेली किल्ली मलाही बसल्या जागेवरून दिसत होती. ते हळूहळू उठले. मनात म्हटलं, हा त्या विक्रेत्याचा माणूस. गिऱ्हाईकामागं काहीतरी मिळत असणार.

वर गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. पॅनेलं स्वच्छ होती, पण निम्म्यांवर सावली पडली होती. शेजारी नवीकोरी तीन मजली इमारत उभी होती, अजून रंगही दिलेला नव्हता. तिची सावली छताच्या मध्यापर्यंत आली होती आणि बघता बघता पुढं सरकत होती.

ते कठड्यापाशी जाऊन खाली रस्त्याकडं बघायला लागले. मग मीच म्हटलं, "हे कधी बांधलं?"

"गेल्या साली. तवर झकास चाललं हुतं. आता दुपार कलली की निम्मं मरतंय."

"मग भांडला न्हाईसा?"

"कुणाशी भांडू? धाकटा भाऊ हाय माझा. त्याच्या जागेत त्यानं बांधलं. माझ्या उन्हासाठी त्यानं घर बांधू नये व्हय?" ते कठड्याला टेकले. "तरी बोलणं तुटलंच. आता एकमेकाच्या घरात चहासुद्धा न्हाई."

"त्या सोलरवाल्यानं फसवलं तुमाला."

"न्हाई, न्हाई. खोटं कशाला बोलू? त्यानं विचारलं हुतं, बाजूचं घर कुणाचं, वर मजला चढणार काय. मीच सांगितलं, भाऊ हाय, तो कुठं बांधतोय. भावालाच विचारलं न्हाई मी."

"मग मघाशी खाली एक नंबर म्हणालासा?"

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "फसलो म्हणून किती जणांस्नी सांगू? लोक हसत्यात, पावणं. आणि भावाचं नाव निघतं."

परत येताना एसटीत मी विक्रेत्याबद्दल विचार करायला पाहिजे होता, की माणूस वाटला तेवढा वाईट नाही. पण मी विचार करत होतो माझ्या दक्षिणेच्या शेजाऱ्याचा.

आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. तो लेथवर काम करायचा, अजूनही अधूनमधून जातो. तरुणपणी दोघं पेठेच्या संघाचे फुटबॉलचे सामने बघायला एकत्र जायचो आणि घसा बसवून परत यायचो. सोलरचा विषय मी त्याच्यापाशी काढला तेव्हा तो म्हणाला होता, "नको गड्या त्या नादाला. काचंत पैसे घालतोस व्हय?" त्यानंतर दोनदा स्वतःहून विचारलं होतं, "मग, ठरलं काय तुझं?" मला वाटलं, जळतोय. आता आठवलं, की दोन्ही वेळा त्यानं माझ्या उत्तराची वाट बघितली होती आणि 'अजून न्हाई' म्हटल्यावर हलका होऊन आत गेला होता.

दुसऱ्या दिवशी टाकी धुवायच्या निमित्तानं छतावर चढलो. त्याच्या स्लॅबवर कॉलमचे गज पहिल्यापासून वर काढलेले आहेत, पुढंमागं मजला चढवायला म्हणून बहुतेक घरांना असतात तसे. वर्षानुवर्षं ते गंजत होते. आता गंज घासून काढला होता आणि गजांवर सिमेंटचं पाणी फिरवलं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी टाकी धूतच होतो. बायको म्हणाली, "अवो, टाकी झिजंल की!" एका सकाळी शेजाऱ्यासोबत टेप घेतलेला माणूस वर आला. दोघांनी मापं घेतली आणि मी दिसताच शेजारी टेप गुंडाळायला लावून खाली गेला. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचा दोस्त, आणि मजला चढवणार हे मला टाकी धुताना कळावं!

मी सरळ त्याच्या दारात गेलो. "मजला चढवतोयस आणि मला सांगत न्हाईस? वर मला शहाणपण शिकवतोस, सोलर घेऊ नको म्हणून?"

तो सोप्यात बसला होता. मला वाटलं उलट चढेल, कारण आमच्याकडं बोलणं म्हणजेच अर्धं भांडण. पण त्यानं हात वर केला. "हळू बोल. पोरगी आत हाय. तिचं बाळ झोपलंय."

"कधी आली?"

"दिवाळीला आली ती गेलीच न्हाई. जाणार बी न्हाई."

मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. दिवाळीला ती आलेली मी बघितली होती, बाळाला हातात घेतलं होतं. त्यानंतर भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू यायचं, ते मी गल्लीतल्या कुणाचंतरी धरून चाललो होतो. गजांवरचं सिमेंट मात्र मला दिसलं होतं.

"वर दोन खोल्या काढतोय," तो म्हणाला. "बाहेरनं जिना. तिचं तिचं दार असावं. कुणाला सांगितलं की लोक विचारणार कशाला बांधतोयस, म्हणून बोललो न्हाई. आणि तू काचा बसवल्यास की माझी भिंत तुझ्या उन्हात. तू मनात धरणार. मला म्हाईत न्हाईस व्हय तू?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. मी मनात धरलं असतं.

"तसं सांगायचं की," मी म्हटलं.

"तुला सांगायचं म्हणजे पुरावा द्यावा लागतोय गड्या."

त्यावर मला हसू आलं नाही. मुलगी चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं नेहमीसारखं "काका, बसा की" म्हटलं, तेव्हा कुठं मी आत जाऊन बसलो.

विक्रेत्याला पुन्हा बोलावलं. या वेळी शेजारीही आला आणि मजला किती उंच जाईल ते त्यानं स्वतः सांगितलं. विक्रेत्यानं छतावर मापं घेतली. म्हणाला, थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्या दिवसांत तुमच्या निम्म्या छतावर ऊन येणार नाही. एका रांगेतल्या थोड्या पॅनेलांवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. पॅनेलं उत्तरेकडं सरकवून, लोखंडी सांगाडा उंच करून बसवता येतील, पण खर्च वाढेल.

"बिल बघू काय आता?" त्यानं विचारलं.

कपाटातून वर्षभराची बिलं काढून दिली. त्यानं एकेक बघितलं, परत पहिल्यापासून बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, एवढंच बिल येतंय? हे पहिल्या दिवशी दाखवलं असतंसा तर मीच सांगितलं असतं, घेऊ नका. सांगाडा उंच करून तर पैसे फिटता फिटत न्हाईत. एवढी कमी वीज जाळणारं घर मी बघितलं न्हाई."

मला त्यातही संशय आला, की याला आता आमच्या छताची कटकट नको असेल. पण त्याच्या तक्त्यात आमचे आकडे मी स्वतः घालून बघितले, दोनदा. तो खरं बोलत होता. आम्ही सोलर घेतलं नाही.

तो गेल्यावर बायको बिलं आवरत बसली. मी म्हटलं, "तुला कशाला पाहिजे हुतं गं हे? बिल तर कधीच जास्त आलं न्हाई."

कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं ती पुरुषासारखंच बोलते. "म्हणूनच तर पाहिजे हुतं. लगीन होऊन आलो तवापासनं बघतोय, मी खोलीतनं उठलो की तुमी मागनं येऊन बटण बंद करतासा. परत बसायला आलो की अंधार. म्हटलं, वीज उन्हातनं फुकट यायला लागली तर एक दिवा तरी जळू द्याल."

हे कारण पॅनेलांच्या कुठल्याच तक्त्यात बसणारं नव्हतं, आणि ते मी आयुष्यात एकदाही वाचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत ट्यूब आणि पंखा दोन्ही चालू राहिले. मी खुर्चीत बसून राहिलो. बटणाकडं हात दोनदा उठला. शेजारच्या घरात बाळ रडायला लागलं, मग गप्प झालं. बायको परत आली, तिनं वर ट्यूबकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि भाजी निवडायला घेतली.

"तब्येत बरी हाय न्हवं?" तिनं विचारलं.