सखूचं पूर्ण नाव

सोनचाफ्याचा वास आला की अजून मला तो दिवस आठवतो. लालबागच्या आमच्या चाळीत प्रौढ वर्गाचा सत्कार होता, सगळ्या बायका चाफा माळून आल्या होत्या. चौथी शिकलेली मी त्यांची बाई. पाहुण्यांनी शेजारच्या सखूला प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायला सांगितलं. "सखुबाई" एवढं वाचून ती थांबली.

"येत नाय गो तिला," मागून कोणीतरी म्हणालं. आता वर्गच बंद करतील, अशी मला भीती वाटली. पुढचं नाव नवऱ्याचं होतं, आणि ते तिने जन्मात घेतलं नव्हतं. तिने खडू उचलला आणि फळ्यावर ते ठळक लिहिलं.

पहिल्या रांगेतला तिचा नवरा मला हळूच म्हणाला, "वहिनी, काय लिवल्यान ह्या?"

तेव्हा मला हसू आलं. आता त्याचा घाबरलेला चेहराच आठवतो.