तुळसामावशी तारापूर पाहायला जाते

नागपुरात इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीची निम्मी पोरं तुळसामावशीच्या हातून जन्माला आली. मीही त्यातलाच. त्यामुळे गल्लीतला कोणी बाप्या तिच्याशी वाद घालायला लागला की "तुले पहिल्यांदा मीच उलटा धरला होता" हे वाक्य तिच्याजवळ तयार असायचं, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. सुईणपण तिला सासूकडून मिळालं होतं. पण छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर उशाखालचा विळा, दाराशी टांगलेले बिब्बे, पाचवीची पूजा, सगळं तिने सोडून दिलं आणि त्या जागी स्वतःचा एक नेम सुरू केला. बाईला कळा सुरू झाल्या की पाणी तापवायच्याही आधी दारात सायकलरिक्षा आणून उभी करायची. अडलं तर सरळ मेयो हॉस्पिटल.

त्या रिक्षेपायी तिने सुरुवातीला पुष्कळ बोलणी खाल्ली. घरात पोर यायचं आणि ही दवाखान्याची तयारी करते, म्हणून सासवा चिडत. घाबरलेले नवरे म्हणत, मावशी, सगळं ठीक होईल असं एकदा सांगून टाका. मावशी तसं कधी सांगत नसे. "ठीक होईल का नाही, मले काय माहीत गा? रिक्षा उभी आहे, एवढं मले माहीत आहे." बहुतेक वेळा रिक्षावाला सीटवर झोप काढून, बारशाआधीच पेढा खाऊन रिकामा परत जाई. पण ज्या थोड्या बायका त्या रिक्षेतून वेळेवर पोचल्या, त्या आजही मावशी दिसली की पदर सावरून उभ्या राहतात. पुढे पुढे तर अशी वेळ आली की रिक्षा दिसली नाही तर सासवाच विचारायला लागल्या.

मावशी लवकर विधवा झाली. प्रेमिला तिची एकुलती एक. पोरगी बारावी शिकली, दिसायला नीटस आणि बोलायला आईपेक्षा एक इंच वरचढ. तिला कामठीच्या मेश्रामांचा सुखदेव सांगून आला. बी. एस्सी. झालेला, तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळच्या प्रयोगशाळेत नोकरी, वर सरकारी क्वार्टर. पत्रिका आमच्यात कोणी पाहत नाही, म्हणून मावशीने घर मात्र कसून पाहिलं. कामठीला जाऊन मुलाच्या आईच्या चुलीपासून शेजारणीच्या तोंडापर्यंत सगळं तपासून आली. पंच्याऐंशी साली लग्न झालं. मांडवात नानाजींनी जाहीर केलं की आपल्या गल्लीचा जावई अणू फोडते, आणि आम्ही सगळे आठवडाभर छाती काढून फिरलो.

हे नानाजी म्हणजे गिरणीतून रिटायर झालेले, सकाळी ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला पेपर वाचून दाखवणारे. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात रशियातलं अणुकेंद्र जळाल्याची बातमी आली आणि नानाजींना जन्मात मिळाला नव्हता एवढा श्रोतृवर्ग मिळाला. रोज नवीन. किरण भिंतीतून जाते. किरण दुधात उतरते. किरण हाडात बसते अन् पोरं वाकडी होते. शेवटचं वाक्य वाचताना ते चष्म्यावरून मावशीच्या घराकडे पाहत, कारण तारापूरला प्रेमिलाला पाचवा महिना लागला होता.

मला ह्या सगळ्याचा राग येत असे. मी कोराडीच्या वीज केंद्रात कारकून. आमच्या चिमणीची राख वारा फिरला की थेट इंदोऱ्यात येते, बायांच्या वाळवणावर बसते, आणि कोणी चकार शब्द काढत नाही. हे मी एकदा नानाजींना ऐकवलं.

"राख दिसते न गा वामन," ते म्हणाले. "दिसते ते झटकता येते."

मी सायकल काढून ऑफिसला गेलो.

 आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मावशी आमच्याकडे आली आणि उंबऱ्यात बसली. ती कधी उंबऱ्यात बसत नसे. म्हणाली, "वामन, मले तारापूरले घेऊन चाल. पोरीले घेऊन येतो. लोक काय म्हणते त्याचं मले काही नाही, पण माह्या पोटात भेव शिरलं." मावशी घाबरली आहे हे मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मी रजा टाकली.

निघताना गल्ली स्टेशनपर्यंत आली. नानाजींनी मला बाजूला घेऊन तिथलं पाणी पिऊ नको असं बजावलं. शेजारच्या यमुताईंनी दोघांना पुरेल एवढं पाणी सुरईत भरून दिलं, आणि ती सुरई नाशिकच्या आधीच फुटली.

तारापूरची कॉलनी पाहून मी तर खट्टूच झालो. काहीतरी भयंकर पाहायला मिळेल अशी तयारी करून गेलेलो, आणि तिथे आपली आंब्याची झाडं, दोरीवर लंगोट, भाजीवाली. प्रेमिलाने दार उघडलं. अंगाने भरलेली, गाल वर आलेले. मावशीने तिला पोटाशी धरलं, आणि धरल्याधरल्या हाताने पोट चाचपून घेतलं. मग हातपाय धुऊन म्हणाली, "कामठीचं घर पाहिलं होतं, हे राहूनच गेलं. आता पाहतो."

आणि तिने घर पाहायला सुरुवात केली. पाण्याच्या माठाचं झाकण काढून वास घेतला, धान्याच्या कोठीत हात घातला, मग शेजारी निघाली. ज्या ज्या घरात तान्हं पोर होतं तिथे मावशी जाऊन मांडी घालून बसली. कोणाचं पोर तेल लावून चोळलं, कोणाची टाळू पाहिली, एका तमिळ बाईच्या बाळाची पोटदुखी एक शब्द न बोलता थांबवली. दोन दिवसांत बायका पोरं घेऊन सुखदेवच्या दारात रांगेने उभ्या राहू लागल्या. मावशीची तबियत खुलली. मला म्हणाली, पोरं तर चांगली आहे गा, आपल्या इंदोऱ्याच्या पोरांपेक्षा गुटगुटीत.

सुखदेव हे सगळं हसत पाहत होता. कमी बोलणारा माणूस. तिसऱ्या दिवशी जेवताना तोच म्हणाला, "आई, पोरं पाहून खरं कळत नाही. मोजावं लागते." मग त्याने त्याचं काम सांगितलं. आसपासच्या गावांत जायचं, दूध, मासे, पालेभाजी, विहिरीचं पाणी विकत आणायचं आणि त्यात किती किरण आहेत ते यंत्रावर मोजायचं. महिन्यामागून महिने, तेच.

"अन् निघालं तर?"

"तर वर कळवायचं. थांबवायचं."

मावशीने हातातला घास ताटात ठेवला. "जवाईबापू, मले एक सांगा. छातीवर हात ठेवून सांगा. इथं काही होणार नाही न?"

प्रेमिलाने नवऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हो म्हण की लेका, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. एका 'हो'ने सगळं आटोपलं असतं. पण सुखदेवने मान हलवली.

"असं मी सांगत नाही आई. काही होणारच नाही असं ज्या दिवशी आम्ही धरून चालू, त्या दिवशी मोजणं ढिलं होईल. त्या दिवशी मात्र प्रेमिलाले घेऊन जा."

मला वाटलं, झालं, आता ट्रंक भरायला लागणार.  मावशीने मात्र सरळ विचारलं, "मंग तुमची रिक्षा कुठं उभी राहते?"

सुखदेवला काही कळेना. प्रेमिला खो-खो हसायला लागली आणि तिनेच त्याला इंदोऱ्याच्या रिक्षेचा सगळा इतिहास सांगितला. तो ऐकून सुखदेवचा चेहरा असा उजळला की साक्षगंधाच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. जेवण तसंच टाकून तो सांगत सुटला. वीज गेली तर भट्टी थंड ठेवणारं पाणी फिरवायला डिझेलची इंजिनं उभी असतात. ती एरवी कामाला लागत नाहीत, पण नेमाने चालू करून पाहतात. लोकांना हलवायची वेळ आली तर कोणी कुठून जायचं ते ठरलेलं असतं, आणि कामावरच्या प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, कोणाच्या अंगाला किती लागलं ते त्यावरून कळतं. मावशी मध्ये मध्ये अडवत होती. इंजिन सुरूच नाही झालं तर? दुसरं आहे. अन् ते? त्याचाही विचार केला आहे, पण विचार संपला असं नाही म्हणत. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. त्या दोघांचं मात्र इतकं जमलं की भात गार झाला तरी कोणी उठेना.

शेवटी मावशी हात धुऊन म्हणाली, "माह्यासारखीच जात आहे तुमची. वाईटाची तयारी करून बसणारी. ठीक आहे. सातव्या महिन्यात हिले नेतो, आपल्या रिवाजानं, पहिलं बाळंतपण माहेरी. आत्ता राहू द्या."

मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सोडतोय तोच प्रेमिला म्हणाली, "मी नाही येत."

"काहून वं?"

"तू आता पाहिलं न सगळं? इथं दवाखाना आहे, डॉक्टरीण आहे, हे आहेत. मले इथंच राहायचं आहे. मी सातव्यात आली तर गल्ली म्हणेल, पाहा, भेवानं आणली. अन् माह्या पोराले जन्मभर तेच ऐकावं लागेल. तू सगळ्या कॉलनीले विचारत फिरली आई, मले कुठं विचारलं?"

मावशीचा चेहरा उतरला. सगळ्या गल्लीची पोरं जिने हातात घेतली, तिच्या स्वतःच्या नातवंडाला दुसऱ्याच कोणी पहिल्यांदा धरणार होतं. ती उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ दोरीवरच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली. आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "बरं. पण मी येऊन राहीन. अन् तुह्या डॉक्टरणीले मी आधी पाहीन."

नागपुरात आम्ही दोघंच उतरलो तेव्हा गल्लीचा हिरमोड झाला. नानाजी ओट्यावरून उठून आले. काही भेव नाही न मंग तिथं, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "आहे न भेव. पण भेव सांभाळणारी माणसं जागची हलत नाही, ते पाहून आली." नानाजींचं समाधान झालं नाही. सुखदेव मासे मोजतो हे ऐकून तर ते फारच निराश झाले. अणू फोडणारा जावई त्यांनी मांडवात जाहीर केला होता.

भादव्यात मावशी तारापूरला गेली, आणि काही दिवसांनी कोराडीच्या ऑफिसात मला ट्रंक कॉल आला. मुलगी झाली होती. मावशी दवाखान्याच्या दाराबाहेर उभी होती, आणि डॉक्टरणीने पोरगी बाहेर आणली ती पहिल्यांदा तिच्याच हातात दिली. हे सांगताना मावशी फोनवर रडत होती आणि मला ओरडून सांगत होती की मी रडत नाही.

दिवाळीनंतर प्रेमिला बाळ घेऊन महिनाभर राहायला आली. पहिल्या दिवशी जी रांग लागली, ती लग्नातही नव्हती. बायांनी बोटं मोजली, कान पाहिले, पाय सरळ करून पाहिले. मावशी सगळ्यांना पाहू देत होती. नानाजी सगळ्यांत शेवटी आले. पोरीला मांडीवर घेतलं आणि खाली ठेवेनातच. बाया पांगल्यावर ते खाकरले.

"तुळसाबाई, आमची नात कौसल्या लग्नाची झाली. जवाईबापूंच्या कॉलनीत एखादा पोरगा असन तर सांगजा. क्वार्टरवाला."

मी हसू दाबायला तोंड फिरवलं. मला वाटलं मावशी आता त्यांचा सगळा उन्हाळा वसूल करणार. पण तिने नानाजींच्या मांडीवरून नात उचलून घेतली आणि अगदी हळू विचारलं, "कौसल्याले विचारलं का तुम्ही?"

नानाजींनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग पहिले तिले विचारा. मी सारी कॉलनी विचारून आली, अन् माह्या पोरीलेच विचारायचं राहिलं होतं."