मामांची हरकत

आमच्या मामांइतका देशावर जीव असलेला आणि तरीही देशभक्तांना इतका नकोसा झालेला माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ते फौजेत गेले ते देशासाठी नव्हे, पोटासाठी, आणि ही गोष्ट ते दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात, छातीवर तीन मेडलं लावून, माईकवरून सांगायचे. "घरात मानसं सात आन् भाकऱ्या चार. भरतीवाल्या सायबानं इचारलं, फौजेत का यायचंय? मी बोललो, जेवन मिलतं का? तो बोलला, पोटभर. मी बोललो, मंग सही कुठं करू?" पोरं टाळ्या वाजवायची आणि हेडमास्तर खाली मान घालून घड्याळ बघायचे.

यात खोटं काही नव्हतं. धसईच्या पुढे डोंगराच्या कडेला आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमचा बौद्धवाडा. चार महिने दुसऱ्याच्या भातात वाकायचं आणि उरलेले आठ महिने वीटभट्टीवर. माझे वडील अंगठा उठवायचे. उन्हाळ्यात माझी आई तांदळाच्या पेजेत इतकं पाणी घालायची की वाटीत आपलं तोंड दिसायचं. अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या वाड्यातली पहिली. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण विचारणारे थोडे असतात. माझं नाव शाळेतून काढायची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा मामा हातातली काठी बगलेत दाबून आमच्या दारात उभे राहिले. "पोरगी भट्टीवर गेली तर मी उपोशनाला बसेन," असं ते माझ्या बापाला म्हणाले. माझा बाप म्हणाला, "बसा, एक ताट वाचंल." पण मी शाळेतच राहिले. निकाल लागला त्या दिवशी मामांनी मला भर एसटी स्टँडवर टाच आपटून सॅल्यूट ठोकला. कंडक्टरला वाटलं, त्यालाच. त्यानेही उलटा ठोकला.

शिस्त हे मामांचं व्यसन होतं. तंबाखू सोडवता येते, हे सोडवता आलं नाही. मुरबाडची सकाळची गाडी ते दररोज थांब्यावर जाऊन 'घ्यायचे', म्हणजे बसायचे नाहीत, फक्त ड्रायव्हरला सांगायचे, "अकरा मिनिट लेट." ड्रायव्हर नवीन असला की भांडायचा, जुना असला की हात जोडायचा. भाताची आवणी, म्हणजे लावणी, ते दोरी लावून करून घेत. बायका म्हणायच्या, "मामा, आता रोपांना बूट बी घाला." लग्नाच्या पंगतीला त्यांना मुद्दाम बोलावत, कारण ते दारात उभे राहिले की नवरदेवाचा चुलतासुद्धा मध्ये घुसू शकत नसे. एकदा त्यांनी खुद्द नवरदेवाला मागे पाठवलं होतं. राग आला की फौजेतली हिंदी बाहेर पडायची: "लाइन मत तोडो!" मग आत्या आतून ओरडायची, "ओ, ह्या म्हशीला हिंदी कलत नाय!"

फक्त एक गोष्ट ते करत नसत. लढाईच्या गोष्टी सांगत नसत. एकाहत्तर सालच्या लढाईत होते म्हणून पोरं मागे लागायची. मामा सांगायचे काय, तर टपाल. लढाईत त्यांच्याकडे पलटणीचं टपाल वाटायचं काम होतं. "मानूस मरतो एका मिनिटात," ते म्हणायचे, "पन त्याची पत्रं तीन हप्ते येत रहातात. मोजे मिलाले का. गाय याली. भाऊबिजेला येशील का. मी पत्त्यावर आडवी रेघ मारायची आन् परत धाडायची. तीन हप्ते मी रेघा मारल्या." पोरं म्हणायची, आणि मग बंदूक? मामा म्हणायचे, "बंदूक साफ करून ठेवली. झालं." पोरं निराश होऊन क्रिकेट खेळायला जायची.

दरवर्षी नोव्हेंबरात मामांचा खरा हंगाम. पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यायचा असतो. मामा आमच्या बाजूचे सगळे निवृत्त शिपाई आणि त्यांच्या विधवा गोळा करून मुरबाडला न्यायचे आणि रांगेत उभे करायचे. आमच्याच गावातली, वरच्या आळीतली एक मावशी होती. जुन्या शेतकरी घरातली. तिचा एकुलता एक मुलगा नव्याण्णव सालच्या डोंगरावरच्या लढाईत गेला. एका वर्षी ती आजारपणामुळे नोव्हेंबर चुकवून डिसेंबरात गेली. कारकून म्हणाला, "बाई, कागदावर तुम्ही हयात नाही." मावशी म्हणाली, "माजा पोरगा गेला तवा कागद दोन दिसांत आला रे. मी जित्ती हाय, त्याला कागद नाय?" मामांनी तिला काउंटरसमोर खुर्ची आणून दिली आणि म्हणाले, "बसा. पुरावा हितंच ठेवू." संध्याकाळी चारला बँकेने ती जिवंत असल्याचं मान्य केलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. दोन हजार एक सालचा डिसेंबर संपता संपता फौज सरहद्दीवर नेऊन उभी केली. त्यात मामांचा मुलगा, आमचा दादाही होता. टीव्हीवर रोज लढाई आज लागते की उद्या, अशी चर्चा. गावात सगळ्यांना एकदम युद्धशास्त्र कळू लागलं. ज्याला बांधावरचा साप मारता येत नव्हता तो टपरीवर बसून शहरं बेचिराख करत होता. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांनी ठराव मांडला: सरकारने एकदाची लढाई सुरू करावी, आमचं गाव सरकारच्या पाठीशी आहे. आणि त्यावर बोलायला उभं केलं कोणाला? मेडलं लावलेल्या मामांना.

मामांनी माईक हातात घेतला. "पाठीशी म्हंजे किती मागं? दीड हजार किलोमीटर?"

सभेत हशा. सरपंच हसत म्हणाले, "मामा, फौजी असून असं बोलता?"

"फौजी हाय म्हनून बोलतो. हुकूम आला तर हा म्हातारा उद्या बी जाईल. पन हुकूम मागायला मी जानार नाय. ज्यांना लढाई पायजे त्यांनी उद्या सकाली सहाला चावडीसमोर यावं. नाव लिवून घेतो, भरतीचा फारम मी भरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा वही, पेन आणि शिट्टी घेऊन चावडीसमोर उभे राहिले. साडेसहापर्यंत एक कुत्रं आलं. मामांनी वहीत लिहिलं, 'वय जास्त.'

पण सभेच्या दिवशी ठराव मताला टाकला तेव्हा विरोधात सहा हात वर झाले होते. मामा. आत्या. वरच्या आळीतली ती मावशी. माझे वडील. मी, कारण माझं नाव अजून गावच्याच यादीत होतं, जरी नोकरीला मी शहापूरला होते. आणि सहावे फौजेतलेच एक निवृत्त नायक, जे वीस वर्षं मामांच्या प्रत्येक गोष्टीला, अगदी एसटीच्या वेळेलाही, विरोध करत आले होते. मामांनी नंतर विचारलं, "तू कसा काय रे?" नायक म्हणाले, "तुझ्यासाठी नाय केला. उगा चढू नको."

एक मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी मागील सभेचं इतिवृत्त वाचलं. लढाईचा ठराव सर्वानुमते मंजूर. मामा उभे राहिले. "हरकत. सर्वानुमते? मंग आमी सहा हात काय सुकवायला वर केले व्हते?"

"सहाच तर होते मामा," ग्रामसेवक म्हणाले. "वर पाठवायचा कागद आहे. गावाचं नाव चांगलं दिसतं."

"चांगलं नको दिसाया. खरं दिसूं दे."

तेव्हापासून मामांना एकच ध्यास लागला. तो शब्द बदलायचा. ज्यांनी फौजेत माणसं दिली त्यांनी नको म्हटलं होतं, हे त्या वहीत लिहिलं गेलं पाहिजे. अर्ज मी लिहायचे, मामा सही करायचे, आणि आम्ही पंचायत समितीच्या पायऱ्या चढायचो. एक साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं देशाच्या विरोधात जातं. मामांनी तीन मेडलं काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही देशानं दिलीत. विरोधात असल्यावर परत घ्या." साहेबांनी चहा मागवला. चहा आला, उत्तर आलं नाही. गावात मामांच्या भिंतीवर कोणीतरी चुन्याने 'गद्दार' लिहिलं. आत्याने ते पुसलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊं दे. पोरगा सुट्टीवर आला की वाचंल, कोनासाठी उभा व्हता ते."

सगळ्यात जास्त लागलं ते दादाच्या पत्राने. त्याने लिहिलं, बाबा, हे बंद करा, इथे कुणाला कळलं तर माझं काय होईल? मामांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. त्या दिवशी त्यांनी एसटी घेतली नाही. शेवटी आत्याने मला बसवलं आणि उत्तर सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं: "तू फौजेत हायेस, तुला बोलता येत नाय. तुजा बाप फौजेत व्हता. मी नव्हती. मी बोलेन. तू जेवत जा."

मग सरपंचांनी तोडगा काढला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त भांडण मिटवायचं होतं. फौजेतून आल्यापासून गावचा झेंडा मामाच बांधायचे आणि मामाच फडकवायचे. झेंडा वर्षभर त्यांच्याच ट्रंकेत असायचा, आणि आदल्या दिवशी ते त्याला अशी इस्त्री करायचे की आत्याच्या साडीला त्यांनी जन्मात केली नाही. सरपंच म्हणाले, "मामा, इतिवृत्तावर सही करा. पंधरा ऑगस्टचा झेंडा तुमचाच. नाहीतर लोक ऐकत नाहीत हो." चौदा तारखेला त्यांनी झेंड्याला इस्त्री केली, घडी घातली, आणि शाळेत नेऊन हेडमास्तरांच्या हातात दिली. परत आले ते रिकामे हात पाठीमागे बांधून. माझा बाप मला म्हणाला, "फौजेआधी माज्यासंगं भट्टीवर व्हता, तवा बी मी त्याला असा चालताना बगितला नाय."

पंधरा ऑगस्टला सरपंचांनी दोरी ओढली आणि झेंडा अर्ध्यावर अडकला. गाठ चुकली होती. ओढून ओढून सरपंच घामाघूम. मामा पटांगणाच्या कुंपणाबाहेर सावधान उभे होते, आत्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन. पोरं ओरडली, "मामांना बोलवा!" मामा आत आले, गाठ सोडली, बांधली, झेंडा वर नेला, आणि दोरी सरपंचांच्या हातात देऊन पुन्हा कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. सॅल्यूट तिथूनच केला. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "पुढल्या टायमाला गाठ शिकवून ठेवतो."

लढाई लागली नाही. पण सरहद्दीवर शेतांमधून सुरुंग पेरून ठेवले होते. सप्टेंबरात त्यातला एक फुटला आणि दादाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ना लढाई, ना शत्रू. एका हिरव्या शेतात. टोकावड्याच्या ढाब्यावर टीव्ही लागलेला असायचा, त्यावर त्या दिवशी क्रिकेट होतं.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सरपंच शाल आणि नारळ घेऊन आले. जखमी जवानाच्या आईवडिलांचा सत्कार. सभा एरवीपेक्षा भरलेली होती. ज्याने चुन्याने लिहिलं होतं तोही आला असणार. सरपंच शाल उलगडून पुढे झाले. मामा उठले नाहीत.

"शाल ठेव खाली," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज इतका खाली ऐकला. "वही आन."

"मामा, आजच्या दिवशी तरी..."

"आजच. पोराचा पाय गेला तो बी काय सर्वानुमते?"

मग वरच्या आळीतली मावशी उठली, टेबलाजवळ गेली आणि खुर्ची ओढून ग्रामसेवकांसमोर बसली. सरपंचांनी शालीची घडी घातली, ती पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि ग्रामसेवकांना म्हणाले, "लिहा हो. जे झालं ते लिहा." आम्ही सहा जणांनी आपापली नावं सांगितली. माझ्या बापाने मोठ्याने सांगितलं, त्याचं नाव सरकारी वहीत पहिल्यांदाच कशाच्या तरी विरोधात लिहिलं जात होतं. मी लाल शाईतली रेघ माझ्या डोळ्यांनी बघितली. मग मामा उठले आणि त्यांनी शाल घेतली. स्वतः नाही पांघरली. आत्याच्या खांद्यावर टाकली.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या काळात ते ओट्यावर बसून दादाचे बूट पॉलिश करायचे. दोन्ही. लाकडी पायातला कधी चिखलात जात नसे, तरी तोही तितकाच घासायचे, आणि दादा म्हणायचा, "बाबा, ह्या पायाला कोन बगतंय?" मामा म्हणायचे, "मी बगतो ना." आत्या आता कोणाशी फार बोलत नाही. मी गावी गेले की माझा हात धरून बसते.

लढाई आमच्या सहा हातांनी थांबवली, असं मी म्हणणार नाही. मी शिकलेली बाई आहे. दादाचा पाय काही परत आला नाही. मामांनी मिळवलं ते एवढंच: आमच्या ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात त्या ठरावापुढे 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहिलेलं आहे, आणि खाली विरोध करणाऱ्यांची सहा नावं आहेत. पहिलं मामांचं आहे.