दहा दिवसांचे देखरेख मंडळ

आमच्या साडूभाऊंइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. देवाला त्यांना काही द्यायचेच असेल तर दोन प्रतींत द्यावे लागेल. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढली आणि निवृत्त झाल्यावर ती शाखा सिंदी मेघेच्या घरी आणली. लग्नपत्रिका आली की तिच्यावर आधी आवक क्रमांक पडतो, मग ती कोणाची आहे ते बघतात. केळझरच्या गणपतीला नवस बोलायला आम्ही सगळे गेलो होतो, तर हे नवस लिहून घेऊन आलेले. एक प्रत देवापुढे ठेवली आणि दुसरी पुजाऱ्यांपुढे धरली. "पोच द्या जी." पुजारी म्हणाले, "देव ऐकते ना सारं." साडूभाऊ म्हणाले, "ऐकते. पण ऐकलं म्हणून लिहून कोन देते?" शेवटी पुजाऱ्यांनी कागदावर कुंकवाचे बोट उमटवले तेव्हा कुठे आम्ही पायऱ्या उतरलो.

हसायला हे ठीक आहे. पण त्यांच्याकडे पोळ्या करायला बोरगाव मेघेहून कांताबाई येतात, त्यांचा नवरा एक दिवस कामावर म्हणून गेला तो परतलाच नाही. बाई दोनदा ठाण्यात जाऊन आल्या. "पिऊन पडला असन कुठी. उद्या येजो बाई," एवढेच उत्तर. तिसऱ्यांदा साडूभाऊ सोबत गेले आणि हवालदाराला शांतपणे म्हणाले, "लिहून घेत नसान, तर नाई लिहिलं असं लिहून द्या." तेही मिळाले नाही. नवऱ्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, म्हणजे त्याला शोधणारही कोणी नाही, हे बाईंपेक्षा साडूभाऊंना जास्त लागले. घरी येऊन त्यांनी अर्ज लिहिला. विषय: पोलीस ठाण्याच्या कामकाजावर नागरिकांचे देखरेख मंडळ स्थापन करण्याबाबत. सदस्यांत माझेही नाव होते, अर्थात मला न विचारता.

दिवस गणपतीच्या तोंडचे. हवालदाराला विषयात 'मंडळ' दिसले, 'स्थापन' दिसले, आणि त्याने अर्ज ज्या गठ्ठ्यात टाकायचा त्यात टाकून एक छापील नमुना हातात ठेवला. मी म्हटले, "अहो, हा गणपती मंडळाचा आहे." साडूभाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "नमुना कोनताही असो. जे लागू नाई तिथं निरंक लिहा लागते." मूर्तीची उंची निरंक. मंडप निरंक. विसर्जनाचा मार्ग निरंक. कोणी वाचले असते तर पुढचे काही घडले नसते. आठवड्याभरात सहीशिक्क्यानिशी परवानगी आली. नागरिक देखरेख मंडळ, स्थापना चतुर्थीला, विसर्जन अनंत चतुर्दशीला.

चतुर्थीला ते ठाण्याच्या आवारात खुर्ची टाकून बसले. ठाणेदार बाहेर आले. "काकाजी, हे काय लावलं तुमी?" साडूभाऊंनी परवानगी पुढे केली. ठाणेदारांनी ती दोनदा वाचली आणि हवालदाराकडे पाहिले. हवालदार आभाळाकडे पाहू लागला. "शिक्का तर आपलाच आहे," ठाणेदार म्हणाले, "बसू द्या यायले." मग येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, काम आणि वेळ वहीत पडू लागली आणि जाताना एकच प्रश्न: प्रत भेटली का? ते कोणाला उलट बोलले नाहीत, कोणाला कायदा शिकवला नाही. पण बाहेर कोणी वेळ लिहीत बसले आहे म्हटल्यावर आतले पेन आपोआप चालू लागले. दुसऱ्याच दिवशी कांताबाईंची तक्रार लिहून घेतली गेली आणि प्रत हातात मिळाली.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी त्यांनी खुर्ची उचलली. मी म्हटले, "बसा की अजून. उठा असं कोणी म्हटलं नाही तुम्हाला." ते म्हणाले, "परवानगी आजपर्यंतचीच आहे, भाऊ. आपनच मोडली, तं मंग त्यायले कोन्या तोंडानं सांगाव?" मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. कायमच्या मंडळासाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला, स्मरणपत्रे पाठवली. पण त्यासाठी छापील नमुना नाही, आणि ठाण्यात पुन्हा 'उद्या येजो' सुरू झाले आहे. साडूभाऊ हल्ली जरा कमी बोलतात.

कांताबाईंचा नवरा अजून सापडलेला नाही. त्यांना वाचता येत नाही, तरी ती प्रत त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेवली आहे. परवा साडूभाऊंकडे जेवायला गेलो असताना न राहवून मी कांताबाईंना विचारले, "त्या कागदाचा काही उपयोग झाला का हो?"

पोळी उलटत त्या म्हणाल्या, "झाला ना भाऊ. आधी वस्तीतले म्हनत, बायकोले टाकून पयून गेला. आता म्हन्तेत, हरवला."