काठोकाठ भरलेलं भांडं

प्रोजेक्टरच्या तापलेल्या बल्बवर धूळ करपल्याचा वास आला की मला लातूर नवा जिल्हा झाल्यावरचा तो दुष्काळ आठवतो. मी नव्या कचेरीत कारकून होतो आणि माझे जुने गुरुजी कुठून कुठून रिळं मागवून शाळेच्या भिंतीवर युरोपातले जुने विनोदी सिनेमे दाखवायचे. त्या संध्याकाळच्या सिनेमात एक वेटर पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन गर्दीतून चालला होता. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण समोरच्या बायका ओरडत होत्या, "आरं हळू, सांडंल की!" थेंबही न सांडता तो पाहुण्यांपुढं पोचला, अदबीनं वाकला, आणि सगळं पाणी त्याच्याच बुटांत गेलं. इतका नेमका, इतका सभ्य विनोद मी पुन्हा पाहिला नाही. डोळे पुसत मागं वळलो, तर टँकरच्या रांगेतून आलेली आई रिकामी घागर घेऊन उभी. "हास बाबा," ती म्हणाली, "पाणी काय आलं न्हाई आज." मला लाज वाटली, आणि ती मी गुरुजींवर काढली. लोक तहानलेले असताना हे विलायती खेळ कशाला, असा निनावी अर्ज दुसऱ्याच दिवशी कचेरीत टाकला. सिनेमे बंद झाले. गुरुजी माझ्याकडंच आले, "सगळ्यांत जास्त तूच हसलास बघ. आपल्या बाजूनं दोन ओळी लिहून देतोस का?" मी म्हणालो, "मी पडलो सरकारी माणूस, गुरुजी." ते "हाव, खरंय" म्हणून निघून गेले. आताचे सिनेमे आरडाओरडा करून हसवू बघतात, मला हसू येत नाही. गुरुजी आज नाहीत. त्या अर्जाखाली राहिलेली सही मी इथं करतो आहे.